निपाणीच्या लॅबला एलआयएस जोडताना: केबलच्या आधी ट्यूबची ओळख

प्रश्न निपाणीहून आला आहे. रोज शंभरेक रुग्ण, संकेश्वर आणि चिकोडीला एकेक कलेक्शन सेंटर, एक फुल्ली ऑटो बायोकेमिस्ट्री, एक फाइव्ह-पार्ट सेल काउंटर (रक्तपेशी मोजणारं मशीन) आणि हार्मोन्ससाठी एक छोटं मशीन. निकाल स्क्रीनवर बघून कॉम्प्युटरवर टाइप केले जातात आणि अधूनमधून एखादा चुकीचा आकडा बाहेर जातो. एलआयएसचा, म्हणजे लॅबच्या माहिती यंत्रणेचा, सॉफ्टवेअरवाला म्हणतो, सगळी मशीनं बायडायरेक्शनल (दुतर्फी) जोडून देतो, दोन दिवसांचं काम आहे, चुका बंद. घ्यावं का, आणि घेतलं तर नीट चालतंय हे कसं तपासायचं?

घ्या. शंभर रुग्णांचे निकाल हाताने टाइप करत राहणं धोक्याचं आहे, यात शंका नाही. पण ‘चुका बंद’ यावर विसंबू नका. बंद होते ती टायपिंगची चूक. ट्यूबवर दुसऱ्याच माणसाचं लेबल असेल तर तो निकाल आता कुठेही न अडता थेट रिपोर्टमध्ये जातो. टाइप करणारी व्यक्ती निदान आकडा बघते, ‘या आजींचं क्रिएटिनिन मागच्या आठवड्यात तर ठीक होतं’ म्हणून हात आखडते. ती नजर कमी होणार असेल तर तिची भरपाई आधी करायला हवी. म्हणून माझ्या कामात क्रम ठरलेला आहे: आधी ट्यूबची ओळख पक्की, मग मशीनकडून कॉम्प्युटरकडे एकतर्फी जोडणी, ती स्थिर झाली की दुतर्फी, आणि ऑटो-व्हेरिफिकेशन, म्हणजे निकाल माणसाने न बघता आपोआप सुटणं, सगळ्यात शेवटी. किती वेगाने पुढे जायचं हे तुमच्या मशीनांना आत बारकोड रीडर आहे का, सेंटरवर इंटरनेट कसं आहे आणि पॅथॉलॉजिस्ट पूर्णवेळ असतात की भेटीवर येतात, यावर ठरेल.

सीमाभागात रुग्णाच्या नोंदणीची अडचण जरा जास्तच असते. एकाच बाईचं नाव आधार कार्डावर कन्नड आणि इंग्रजीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मराठीत आणि काउंटरवर तोंडी वेगळंच असतं. ‘लक्ष्मी’ कुणी इंग्रजीत एक्स घालून लिहितं, कुणी के-एस-एच. ‘चौगुले’ कुणी ए-यू ने, कुणी ओ-यू ने. परिणाम असा की एकाच रुग्णाच्या दोन-तीन नोंदी तयार होतात आणि जुना निकाल नव्याशेजारी दिसत नाही. नावावरून शोधायची पद्धत सोडा. मोबाइल नंबरवरून शोधा, पण त्याला ओळख मानू नका, कारण खेड्यात एका नंबरवर सासू, सून आणि नातवंडं सगळी असतात. नंबर टाकल्यावर त्या घरातल्या सगळ्यांची यादी यावी आणि त्यातून वय, लिंग, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बघून माणूस निवडता यावा, असा स्क्रीन सॉफ्टवेअरवाल्याकडून करून घ्या. पहिल्या भेटीत मिळालेला रुग्ण क्रमांक कायमचा ठेवा आणि रिपोर्टवर ठळक छापा. आभा (सरकारी आरोग्य ओळख) क्रमांकासाठी जागा ठेवा, पण तो नसेल तर नोंदणी अडू देऊ नका.

रक्त घेताना ‘तुम्हीच का अमुक?’ असं विचारलं की उपाशीपोटी बसून कंटाळलेला माणूस मान डोलावतो. ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणा, कन्नड बोलणारे असतील तर ‘निम्म हेसरु हेळी’. नाव त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. लेबल रक्त घेतल्यावर तिथेच, रुग्ण खुर्चीत असतानाच लावायचं. सकाळी पंचवीस जणांची लेबलं एकदम छापून ट्रेमध्ये ठेवण्याची सवय असेल तर ती आधी मोडा. एकाच गल्लीतले एकाच नावाचे दोन पाटील एकापाठोपाठ आले की अदलाबदल तिथेच होते, आणि पुढचं कुठलंच मशीन ती पकडू शकत नाही.

आता सॅम्पलचा नंबर. रोज १ पासून सुरू होणारा नंबर मशीन जोडल्यावर घातक ठरतो. मशीनच्या मेमरीत कालचा ४५ नंबर असतो, कुणीतरी तो पुन्हा पाठवतो आणि कालचा निकाल आजच्या ४५ नंबरच्या रुग्णाला चिकटतो. नंबर कधीच परत येता कामा नये. दहा आकडी नंबर सोयीचा पडतो: पहिले दोन वर्षाचे, पुढचे सहा चालू क्रमांक, शेवटचे दोन ट्यूबचे. ०१ पिवळी, ०२ जांभळी, ०३ उपाशीपोटीची करडी, ०४ जेवणानंतरची करडी. शेवटचे दोन आकडे उगाच वाटतील, पण त्यांच्याशिवाय उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर एकाच नंबरावर येते आणि दुसरा निकाल पहिल्यावर चढतो. जुनी सेल काउंटर किती आकडी नंबर स्वीकारतात हे मात्र आधी मॅन्युअलमध्ये बघा.

बारकोड कोड १२८ चा ठेवा. त्यात तपासणीचं चिन्ह सक्तीचं असतं, त्यामुळे चुकीचा नंबर वाचण्याऐवजी रीडर ‘वाचता आलं नाही’ असं सांगतो. इंटरलीव्हड २ ऑफ ५ मध्ये अर्धवट कोड वाचून छोटाच नंबर येण्याचा धोका असतो. नुसते आकडे असतील तर कोड १२८ दोन आकडे एका चिन्हात बसवतो आणि दहा आकड्यांना ९० मोड्यूल (सगळ्यात बारीक रेघेएवढ्या जागा) लागतात. २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके) प्रिंटरचा एक ठिपका ०.१२५ मि.मी.चा असतो. सगळ्यात बारीक रेघ दोन ठिपक्यांची धरली तर कोड २२.५ मि.मी. होतो, आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मि.मी. कोरी जागा धरून २७.५ मि.मी. ५० बाय २५ च्या लेबलवर हा आरामात मावतो. नंबरात अक्षरं मिसळत गेलात तर कोड १४५ मोड्यूलपर्यंत वाढतो, कोऱ्या जागेसह ४१ मि.मी. ओलांडतो, आणि लेबल जरा सरकलं की कडेची कोरी जागा कापली जाऊन रीडर नापास करतो.

लेबल टोपणाच्या लगेच खाली, ट्यूबच्या लांबीला समांतर आणि सरळ लावायचं. ट्यूब उभी धरल्यावर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या दिसल्या पाहिजेत. १३ मि.मी.च्या ट्यूबचा घेर सुमारे ४१ मि.मी. असतो, म्हणजे २५ मि.मी. लेबल लावूनही १६ मि.मी.ची फट उरते. ती फट झाकू नका, सिरम लालसर आहे का, गाठ आहे का, पातळी किती आहे हे तिथूनच दिसतं. साध्या थर्मल कागदाला स्पिरिट लागलं किंवा तो उन्हात राहिला तर छपाई बिघडते. सेंटरवरून मोटरसायकलने सॅम्पल येत असतील तर रिबनवाला प्रिंटर घ्या.

जोडणीकडे येऊ. तुमच्याकडच्यासारखी बरीच मशीनं आरएस-२३२ सिरियल पोर्टवरून एएसटीएम पद्धतीने बोलतात, नवी लॅनवरून एचएल ७ ने. (एएसटीएम आणि एचएल ७ म्हणजे मशीन आणि कॉम्प्युटरच्या संवादाचे ठरलेले नियम.) सिरियलचं नेहमीचं सेटिंग ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असं असतं, पण मॅन्युअल बघूनच पक्कं करा. कॉम्प्युटरच्या नऊ पिनांच्या पोर्टला पिन २ घेते, ३ पाठवते आणि ५ ग्राउंड. मशीनकडे २-३ उलट आहेत की सरळ यावर केबल ठरते. निम्म्या वेळा ‘इंटरफेस चालत नाही’चं कारण एवढंच निघतं. केबल १५ मीटरच्या आत ठेवा. मशीन आणि कॉम्प्युटर एकाच ऑनलाइन यूपीएसवर आणि एकाच अर्थिंगवर हवेत. दोन्हींच्या ग्राउंडमध्ये फरक पडला तर सिरियल पोर्ट जळतो, आणि मशीनकडचा पोर्ट जळला तर बोर्ड बदलावा लागतो. स्वस्त यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर टाळा, कारण पिन काढून दुसऱ्या खाचेत घातली की पोर्टचा नंबर बदलतो आणि जोडणी गुपचूप बंद पडते. सिरियल ते लॅन असा डबा मिळतो, तो जास्त भरवशाचा. इंटरफेसच्या कॉम्प्युटरवर विंडोजचा स्लीप मोड बंद करा.

आत काय घडतं हे थोडं माहीत असलं तर बिघाड शोधणं सोपं जातं. मशीन आधी ‘पाठवू का’ असा संकेत देतं, कॉम्प्युटर होकार देतो, मग निकाल २४० अक्षरांपर्यंतच्या तुकड्यांत येतो. प्रत्येक तुकड्याला चेकसम (मजकूर बिघडला का हे पडताळणारा आकडा) असतो आणि प्रत्येकाची पोच द्यावी लागते. १५ सेकंदांत पोच आली नाही तर मशीन तो प्रयत्न सोडतं. खरा धोका आहे तो वेगळा: सॉफ्टवेअरने पोच दिली, पण निकाल साठवायच्या आधी लाइट गेली. मशीनच्या हिशोबी निकाल गेला, तुमच्याकडे तो आलाच नाही. म्हणून सॉफ्टवेअरवाल्याला स्पष्ट विचारा, की आलेला संदेश जसाच्या तसा आधी फाइलमध्ये लिहून मगच पोच देता का? ही कच्ची नोंद किमान काही महिने राहिली पाहिजे. उद्या एखाद्या आकड्यावर वाद झाला तर मशीनने नेमकं काय पाठवलं होतं हे फक्त त्यातूनच कळतं.

सगळ्यात जास्त वेळ मॅपिंगला द्या. ‘दोन दिवसांचं काम’ म्हणणाऱ्याने हा भाग मोजलेला नसतो. मशीनचा कोड तुमच्या कुठल्या टेस्टला लागतो हे ठरवताना एकक सोबत तपासावं लागतं. सेल काउंटर पांढऱ्या पेशी ७.२ अशा पाठवतो, म्हणजे हजारांत. तुमच्या रिपोर्टवर ७२०० छापायचं असेल तर १००० ने गुणा. प्लेटलेट तो २५० पाठवतो, आपल्याकडे डॉक्टर २.५ लाख वाचतात, म्हणजे इथे १०० ने भागा. डेंग्यूच्या दिवसांत हा एक गुणक चुकला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. युरिया आणि बीयूएन (युरियातला नायट्रोजन) यांत २.१४ पटीचा फरक आहे. मशीनवर एक आणि रिपोर्टवर दुसऱ्याचं नाव, असं सर्रास सापडतं. टोटल आणि डायरेक्ट बिलिरुबिनचे कोड उलटसुलट लागतात. एलडीएल, ग्लोब्युलिन, ए-जी रेशो ही गणितं मशीनही करतं आणि सॉफ्टवेअरही. कुठे करायची ते एकदा ठरवा आणि दुसरीकडची बंद करा. एलडीएल सूत्राने काढत असाल तर ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेल्यावर आकडा न छापण्याचा नियम घाला.

आकड्याच्या आजूबाजूला येणाऱ्या खुणांकडेही बघा. टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) ‘०.०१ पेक्षा कमी’ असा आला तर आकड्यासाठीच बनवलेल्या रकान्यात ‘पेक्षा कमी’ची खूण गळते आणि ०.०१ किंवा शून्य छापलं जातं. प्लेटलेटच्या गुठळ्यांचा फ्लॅग (मशीनने दिलेली इशाऱ्याची खूण), मोजमापाच्या मर्यादेबाहेर गेल्याची खूण, हिमोलिसिसचा (लाल पेशी फुटल्याचा) इशारा यांतलं काय स्क्रीनवर पोचतं आणि काय वाटेत गळतं ते बघा. सॅम्पल हाताने पाचपट पातळ केलं आणि मशीनलाही तसं सांगितलं, तर गुणाकार दोनदा होतो का? रिपीट लावल्यावर पहिला निकाल राहतो की दुसरा? क्यूसीचे (मशीनच्या रोजच्या दर्जा तपासणीचे) निकाल रुग्णांत तर शिरत नाहीत ना? लहान मुलांचं वय दिवसांत आणि महिन्यांत घेता येतं का? नवजात बाळाला मोठ्या माणसाची बिलिरुबिनची मर्यादा छापून गेली तर रिपोर्ट वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

तपासणीची पद्धत सोपी पण चिकाटीची आहे. प्रत्येक टेस्टसाठी पाच तरी निकाल घ्या: एक कमी, एक नॉर्मल, एक जास्त, एक मर्यादेबाहेरचा आणि एक फ्लॅग असलेला. प्रत्येक निकाल तीन ठिकाणी ताडून बघा: मशीनची स्क्रीन, सॉफ्टवेअरची स्क्रीन आणि रुग्णाच्या हातात जाणारी पीडीएफ. एकक आणि दशांश चिन्हासह. तिसरी जागा लोक गाळतात, आणि रिपोर्टच्या साच्यातली चूक तिथेच लपलेली असते. निकाल जात असताना मुद्दाम केबल काढा, दोन मिनिटांनी लावा, राहिलेले निकाल एकदाच येतात की दुबार की येतच नाहीत ते पाहा. हे सगळं तारीख आणि सहीसह कागदावर ठेवा. आयएसओ १५१८९ या वैद्यकीय लॅबसाठीच्या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत माहिती यंत्रणा वापरात आणण्याआधी तपासून घेणं आणि ती बंद पडल्यावर काय करायचं याची योजना असणं, दोन्ही अपेक्षित आहे. त्यामुळे पुढे एनएबीएलला (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेकडे) जायचं असेल तर हेच कागद उपयोगी पडतील. सॉफ्टवेअर अपडेट झालं किंवा किट बदलून एकक बदललं की त्या टेस्टची तपासणी पुन्हा. इथपर्यंतचं सगळं एकतर्फी जोडणीवर पार पडलं आणि दोन आठवडे शांत गेले, की मग पुढे सरका.

दुतर्फी जोडणीत मशीन बारकोड वाचून ‘या ट्यूबवर काय करू’ असं विचारतं आणि एलआयएस टेस्टची यादी पाठवतो. वर्कलिस्ट हाताने भरायची गरज संपते, हा मोठा फायदा. यात नवी चूक एकच, पण गंभीर असते. बारकोड वाचला गेला नाही की टेक्निशियन नंबर हाताने टाकतो, आणि हाताने टाकलेल्या नंबराला बारकोडसारखं संरक्षण नसतं. न वाचलेल्या ट्यूबला नवं लेबल छापून लावायचं, नंबर टाइप करायचा नाही, असा नियम भिंतीवर लावा. तुमच्या छोट्या हार्मोनच्या मशीनला आत रीडर नसेल तर हातातला स्कॅनर जोडा. दिवसाला तिथे दहा-पंधराच सॅम्पल असतील तर त्या मशीनला दुतर्फीचा खर्च करू नका, एकतर्फी पुरे आहे.

सेंटरच्या सॅम्पलबद्दल एलआयएसमध्ये तीन वेगवेगळ्या वेळा नोंदवा: रक्त घेतल्याची, सिरम वेगळं केल्याची आणि लॅबमध्ये पोचल्याची. नोंदणीची वेळ म्हणजे रक्त घेतल्याची वेळ नव्हे. वेगळं न केलेल्या रक्तातली साखर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरते, आणि करड्या ट्यूबमधलं फ्लोराइडही पहिल्या एक-दोन तासांत ती पूर्ण थांबवत नाही. पिवळी ट्यूब वेगळी न करता बर्फाच्या डब्यात ठेवली तर पोटॅशियम खोटं वाढतं, कारण थंडीत पेशींचा पंप मंदावतो. लोक काळजीपोटी बर्फ घालतात आणि नेमकं तेच नडतं. संकेश्वर आणि चिकोडीला एकेक सेंट्रिफ्यूज ठेवा. पिवळी ट्यूब अर्धा तास गोठू द्या, मग फिरवा, आणि हे रक्त घेतल्यापासून दोन तासांच्या आत झालं नसेल तर एलआयएसने पोटॅशियम आणि साखर अडवून धरावी, असा नियम करा.

ऑटो-व्हेरिफिकेशनची घाई नको. सुरुवातीला फक्त असे निकाल आपोआप सुटू द्या ज्यांचा त्या दिवसाचा क्यूसी पास आहे, फ्लॅग नाही, आकडा नॉर्मल मर्यादेत आहे आणि मागच्या निकालापासून फारसा हललेला नाही. मागच्या निकालाशी तुलना करायला एमसीव्ही (लाल पेशींचं सरासरी आकारमान) उत्तम, कारण रक्त चढवलेलं नसेल तर ती काही दिवसांत सहसा बदलत नाही. पाचपेक्षा जास्त फरक आला तर पहिली शंका ट्यूब बदलल्याची घ्यायची. काही नियम जोडीने लिहावे लागतात. पोटॅशियम ६ च्या वर आणि कॅल्शियम ७ च्या खाली असं एकत्र आलं तर जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) पिवळ्यात गेलेलं असू शकतं. पोटॅशियम जास्त आणि साखर कमी असेल तर सॅम्पल जुनं. हिमोग्लोबिनची तिप्पट आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) यांत तीनपेक्षा जास्त फरक असेल तर स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त) बघा. मशीन सिरमचा रंग मोजत नसेल तर लालसर, पिवळट, दुधाळ ही नोंद सॅम्पल घेणाऱ्याने डोळ्याने करायची. नियमांची यादी पॅथॉलॉजिस्टांनी वाचून सही केलेली हवी, कारण आपोआप सुटलेल्या रिपोर्टचीही जबाबदारी त्यांचीच असते.

सर्व्हर लॅबमध्ये की क्लाउडवर, याला माझ्या दृष्टीने फार महत्त्व नाही. इंटरनेट गेलं तरी निकाल स्थानिक कॉम्प्युटरवर साठत राहिले पाहिजेत, एवढं बघा. सॉफ्टवेअर बंद पडेल त्या दिवसासाठी वेगळ्या क्रमांकांची आधीच छापलेली शंभर लेबलं आणि कागदी फॉर्म दोन्ही सेंटरवर ठेवा. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवताना तो घरातला सामायिक नंबर असू शकतो हे ध्यानात ठेवा. एचआयव्ही आणि गर्भधारणेच्या तपासण्यांना ती सोय बंद ठेवा. सुधारित रिपोर्टवर ‘सुधारित’ असं छापलं जावं आणि जुनी प्रत आत राहावी. ज्या डॉक्टरांकडे पहिली प्रत गेली, मग ते निपाणीचे असोत की कोल्हापूरचे, त्यांना फोन करून सांगा.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. प्रत्येक मशीनचं होस्ट इंटरफेस मॅन्युअल (कॉम्प्युटरला जोडण्याची माहितीपुस्तिका) मशीन कंपनीकडून तुमच्या हातात. काही मशीनांत होस्ट पोर्ट सुरू करायला वेगळं शुल्क लागतं, आणि मशीन रीएजंट रेंटलवर (रसायनं घेण्याच्या बोलीवर भाड्याने) असेल तर ते कोण भरणार हे त्याच करारात. आणि उद्या सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं तर सगळे रुग्ण, सगळे निकाल, एकक आणि तारखांसह साध्या एक्सेलमध्ये उघडतील अशा फाइलमध्ये काढून देण्याची हमी. ही फाइल करार करतानाच एकदा नमुन्यादाखल मागा. आज देता येत नसेल तर पाच वर्षांनीही मिळणार नाही.